बाईंची खंडेनवमी

“पूजा कुठं मांडलीये?”

घरात शिरल्या शिरल्या बाईंचा पहिला प्रश्न हा असायचा. पाणी नको, चहा नको, सतरंजी अंथरली तरी बसणं नको. पायातले कॅनव्हासचे बूट उंबऱ्याबाहेर काढायचे, गळ्यातली शिंप्याची टेप पदराखाली सारायची आणि मांडलेल्या पूजेपुढं जाऊन उकिडवं बसायचं. घरच्यांना वाटायचं, काय भाविक बाई आहे! मी दारातच उभा राहून हसू दाबायचो. कारण बाई देवाकडं बघतच नसत. त्या फुलं बघत. झेंडू कशाकशाला वाहिलाय आणि कशाला वाहिलेला नाही, एवढंच.

तुमच्या घरीही खंडेनवमी होत असेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली अवजारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. आमच्याकडं कोयता, खुरपं, पहार आणि विळीच्या पंगतीला आता मिक्सर, शिलाई मशीन आणि मोटारसायकलची किल्लीसुद्धा येऊन बसते. तुम्ही-आम्ही नमस्कार करतो आणि जेवायला कधी वाढतात याची वाट बघतो. बाईंनी मात्र त्या पाटाचा परीक्षेचा हॉल करून टाकला होता.

बाई आणि मी दोघेही विशेष शिक्षक. ज्या मुलांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता किंवा बोलता येत नाही, त्यांच्या शाळा आणि घरं गाठायची, कुणाला कसलं साधन लागेल ते टेपनं मापं घेऊन ठरवायचं आणि ते आलं की वापरायला शिकवायचं, हे आमचं काम. कागदावर माणसं बरीच, प्रत्यक्षात आम्ही दोघं. त्यामुळं भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके आमच्या गळ्यात. बाई उत्रोलीच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, भातखाचरात वाढलेल्या. मी भोर गावातला, वकिलाचा मुलगा, नवा नवा चिकटलेला. मोटारसायकल माझी, हुकूम त्यांचा. “मास्तर, गाडी काढ,” म्हणाल्या की काढायची. कुठं जायचंय हे कापूरहोळचा फाटा आल्यावर कळायचं.

पहिल्या खंडेनवमीला मी त्यांना विचारलं होतं, “बाई, साधन वापरतात की नाही हे घरच्यांना सरळ विचारलं तर चालणार नाही का?”

“इचार की. तुला सगळी सांगतील, व्हय सर, रोज वापरतोय. सरकारी माणसाला न्हाई कोण म्हणंल? पण नवमीला कोण खोटं बोलत न्हाई. जे रोज हाताला लागतं त्यालाच फूल पडतं. बाकीचं माळ्यावर.”

मला हे जरा अतीच वाटलं. पण त्या दिवशी एका घरात पाटावर कोयत्याशेजारी मुलाचं कानाचं मशीन ठेवलेलं दिसलं. आईनं त्याला घसघशीत हळद-कुंकू लावलं होतं, आणि ते नेमकं आवाज आत जायच्या भोकात गच्च बसलं होतं. मशीन पार बंद. बाईंनी त्या माऊलीला अशी झाडली की शेजारच्या बाया गोळा झाल्या. आणि बाहेर आल्यावर गाडीवर बसता बसता माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, “मशीन मेलं मास्तर, पण पास झालं!” त्यांचा आनंद भोर येईपर्यंत मावत नव्हता. मशीन मीच पुण्याला नेऊन साफ करून आणलं.

कधी ही परीक्षा फसायचीही. एका घरी व्हीलचेअरला चक्क हार घातलेला. बाई खूश. मग त्यांनी सहज विचारलं, “पोरगा कुठं बसलाय?” तर पोरगा कुबड्या घेऊन गोठ्याकडं गेलेला, आणि व्हीलचेअरवरून गिरणीत तांदळाची पोती जात होती. “लई सोयीची हाय बाई,” बाप मनापासून म्हणाला. “पोरगं न्हाई बसत, पन पोतं झ्याक बसतं.” बाईंनी डोक्याला हात लावला, मग त्याच्याच अंगणात बसून पोट धरून हसल्या. पोराला कुबड्याच बऱ्या वाटत होत्या. त्याच्या कुबड्यांची खालची रबरं झिजली होती, ती तेवढी बदलून दिली आणि खुर्ची दुसऱ्या गावात एका मुलीला नेली. पोत्यांची गैरसोय झाली.

बाईंचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, “आधी तुमी बसा.” हे वाक्य आलं की शहाण्या माणसानं काहीतरी निमित्त काढून सटकायचं. एका शाळेत मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकानं नवा रॅम्प दाखवला. सिमेंटचा, गुळगुळीत, कडेला पिवळा पट्टा. बाई म्हणाल्या, “छान झालाय की. आधी तुमी बसा.” बिचारे व्हीलचेअरमध्ये बसले. रॅम्प असा चढा की मधेच त्यांची खुर्ची मागं यायला लागली, आणि मागं मी उभा. मी जिवाच्या कराराने ढकलत त्यांना वर पोचवलं तर पुढं वर्गाचा उंबरा. सर खुर्चीत, खुर्ची उंबऱ्यात, आणि सगळा वर्ग खिडक्यांतून बघतोय. “आता आत या, तास सुरू झालाय,” बाई शांतपणे म्हणाल्या. पुढच्या महिन्यात रॅम्प लांब झाला आणि उंबराही गेला. सर मात्र आमची गाडी फाटकात दिसली की अजून प्रयोगशाळेत जाऊन बसतात असं ऐकतो. म्हणजे, बसायचे.

दुसऱ्यालाच बसवत होत्या असं नाही. मुलाला द्यायचं कुठलंही साधन त्या आधी स्वतः दिवसभर वापरायच्या. कानाचं मशीन आलं की ते घालून एसटीनं भोरहून कापूरहोळला जायच्या नि परत यायच्या. “अख्खी एसटी कानात येऊन बसली,” म्हणाल्या. पत्र्याच्या वर्गात एक पोरगं असलं मशीन काढून खिशात का टाकत होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पोराला बसायची जागा बदलून दिली, मशीनचा आवाज जुळवून आणला, मग ते कानात टिकलं.

आता सानिकाकडं येतो. बाईंची गोष्ट सांगायची आणि सानिका गाळायची असं होणार नाही.

वेल्ह्याच्याही पलीकडं, डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तिथं सानिका सातवीत होती. जन्मापासून तिचे हातपाय तिच्या मनाप्रमाणे हलत नाहीत. हात एकीकडं न्यायला जावं तर दुसरीकडं फेकला जातो, आणि बोलणं घशात अडकतं, बाहेर नुसता आवाज येतो. डोकं मात्र लखलखीत. डोळे वर केले की हो, मिटले की नाही, एवढ्यावर तिचा सगळा संसार चालायचा. वाडीतल्या पोरांना ती भाषा पाठ होती. पण वाडीची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला खाली हायस्कुलात जायचं, आणि तिचे वडील, घरातले दादा, त्याला तयार नव्हते. टेम्पो चालवणारा माणूस, तोंडाचा फटकळ, पण पोरीवर जीव.

“हितं पोरं तिच्या डोळ्यांवरनं वळखत्यात बाई. खाली कोण वळखनार? तहान लागली तर दिवसभर तशीच बसंल. दुखलं खुपलं तर सांगनार कशी? बोलली तर पाठवतो. न्हाईतर घरी बरी हाय.”

त्यांचं काही चुकत होतं का, तुम्हीच सांगा.  बाईंना मात्र उपाय सुचला. त्या वर्षीच्या साधनवाटपाच्या शिबिरात बोलणारा टॅब आलेला होता. चित्रावर बोट ठेवलं की आतून बाईचा आवाज वाक्य म्हणायचा. बाईंनी तो सानिकासाठी हट्टानं मागून घेतला. साधन आधी दिवसभर वापरायचा स्वतःचाच नेम त्या आनंदात त्या साफ विसरल्या. वाडीवर टॅब देऊन येताना मागं बसून गाणी म्हणत होत्या. सूर भयंकर होता.

मग खंडेनवमी आली. आम्ही वाडीवर गेलो. अंगणात टेम्पोला झेंडूचा हार, काचेवर आंब्याची डहाळी. आत पाटावर कोयता, खुरपी, पाना-पक्कड, सानिकाच्या आईची शिलाई मशीन. मिक्सरलासुद्धा फूल होतं. बाईंनी पाट वरून खाली बघितला, खालून वर बघितला. टॅब नव्हता.

“टॅब कुठं हाय?”

“जपून ठेवलाय बाई, काय भ्याव न्हाई,” सानिकाची आई अभिमानानं म्हणाली आणि कपाटातून घेऊन आली. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी. एक-दोनदा लावून बघितला असेल तेवढाच, पडद्यावरचा कंपनीचा पातळ कागदसुद्धा निघाला नव्हता.

बाईंनी या वेळी कुणाला झाडलं नाही. हे फार वाईट लक्षण होतं. त्या सानिकाच्या खुर्चीपुढं जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि तिला विचारायला लागल्या. बोट बसत नाही? डोळे वर. उन्हात दिसत नाही? वर. पोरं हसतात? वर. “त्या टॅबमधल्या बाईच्या आवाजाला हसत्यात?” सानिकाचे डोळे इतके वर गेले की नुसतं पांढरं दिसलं. आम्ही टॅब लावला. ‘मला पाणी हवे आहे,’ असं तो बातम्या दिल्यासारखं म्हणाला. दारातली पोरं खिदळली. वाडीत असं कुणी पाणी मागत नाही.

“बरं,” बाई म्हणाल्या, “आन् ह्यात जी चित्रं हायेत, तसलं तुला बोलायचंच न्हाई का?”

डोळे वर.

“मग काय बोलायचंय?”

याचं उत्तर डोळ्यांनी कसं देणार? बाईंनी पाटी घेतली, अक्षरं म्हणायला सुरुवात केली, सानिका हव्या त्या अक्षराला डोळे वर करायची. बराच वेळ गेला. पाटीवर दोन शब्द उमटले, आणि सानिकाच्या आईनं तोंडाला पदर लावला. शब्द होते, ‘गप बसा’.

बाई उठल्या, सानिकाचा पटकन मुका घेतला आणि मला म्हणाल्या, “मास्तर, नापास मी झाले. गाडी काढ.”  नसरापूरला मी चहाला थांबलो तर म्हणाल्या, “पोरीला भांडायचंय रे. आन् मी तिला ‘मला आनंद झाला’ म्हणायचं मशीन दिलं.”

दिवाळीनंतर बाईंनी फळी करायला घेतली. मांडीवर बसेल अशी प्लायवूडची फळी, तिच्यावर मोठे चौकोन, चौकोनात शब्द आणि खाली अक्षरं. सानिकाला वाचता उत्तम येत होतं. पण तिचा हात घसरायचा. म्हणून भोरच्या सुताराकडून चौकोनांच्या मधे लाकडी पट्ट्या मारून घेतल्या. मिसळणाच्या डब्याला असतात तसे खण झाले. हात कसाही पडला तरी मूठ एका खणात अडकून राहायची. वरचे शब्द सानिकानं सांगितले ते. ‘गप बसा’ पहिल्या ओळीत, उजव्या हाताला, सगळ्यात सोयीच्या जागी. त्याच्याशेजारी ‘खोटं’, ‘मी नाही जा’, ‘परत सांग’ आणि ‘पाणी’.

या वेळी नेम चुकवायचा नव्हता. बाईंनी एक दिवस ऑफिसात मौन धरलं. उजवा हात ओढणीनं अर्धवट बांधला, फळी मांडीवर घेतली, आणि जे काय सांगायचं ते मुठीनं. बाई गप्प बसल्यात ही बातमी इतकी मोठी होती की शेजारच्या ऑफिसातली माणसं बघून गेली. मी समोर बसून मोबाईलमध्ये गर्क. बाई फळीवर काहीतरी ठोकत होत्या, मला पत्ताच नाही. शेवटी जेवणाचा डबा येऊन माझ्या खांद्याला लागला. मी वर बघितलं तर त्यांचा चेहरा लालबुंद.

“मगाधरनं तुला सांगतीये, चहात माशी पडली!” मौन मोडलंच. आणि डबा उचलता उचलता त्या एकदम थांबल्या. “मी डबा फेकला. ती पोरगी काय फेकंल? तिच्याकडं कुणी बघितलंच न्हाई तर ह्या फळीचा काय उपयोग?”

त्याच संध्याकाळी कापूरहोळच्या दुरुस्तीवाल्याकडून सायकलची घंटी आणून फळीच्या कोपऱ्यात बसवली. ट्रिंग केलं की सगळ्यांनी सानिकाकडं बघायचं, असा नियम. माशीचा चहा मी प्यायलो होतो, हे त्यांनी पुढं कित्येक महिने सगळ्यांना सांगितलं.

आता अडले आमचे साहेब. माणूस बरा, पण टॅब परत आलेला बघून त्यांना वाईट वाटलं. “अहो बाई, एवढं चांगलं तंत्रज्ञान दिलं, आणि तुम्ही पोरीला लाकडाची फळी देताय? वर काय सांगू मी?”

मी दाराकडं सरकलो. माझ्या अंदाजाप्रमाणे वाक्य आलंच.

“आधी तुमी बसा.”

भर दुपारी ऑफिसच्या अंगणात साहेब खुर्चीत, हात ओढणीत, मांडीवर टॅब. “चहा मागा,” बाई म्हणाल्या. उन्हात पडदा काळाभोर. साहेबांनी डोळे बारीक करून मूठ आपटली. टॅबमधली बाई गोड आवाजात म्हणाली, ‘मला पोहायला जायचे आहे.’ शिपाई आत पळाला. साहेबांनी पुन्हा मूठ मारली. ‘मला पोहायला जायचे आहे.’ तिसऱ्या वेळी साहेब स्वतःच हसायला लागले आणि हसता हसता म्हणाले, “द्या, द्या फळी. आणि टॅब कुणाच्या बोटाला जमेल त्याला द्या.” टॅब मग वरव्याच्या बाजूच्या एका मुलाकडं गेला. त्याची बोटं चलाख आहेत, त्याला तो आवाज आवडतो, आणि त्याला खरोखरच पोहायला जायचं असतं. मग त्याच्याकडं का असू नये?

जून आला. सानिकाचे वडील अंगणात उभे, हातात किल्ली, कपाळाला आठ्या. सानिकाला फळीची सवय होऊन गेली होती, पण त्यांच्यापुढं ती काही बोलली नव्हती. ते घरी असले की झोपलेले, नाहीतर गाडीवर.

“बोल काय बोलायचं ते,” ते म्हणाले. “ऐकतो.”

 बाई नखं खात होत्या. सानिकानं घंटी मारली. ट्रिंग. मग मूठ एकेका खणात पडायला लागली. काना-मात्रा ती गाळायची, आम्ही समजून घ्यायचो. तिची आई मोठ्यांदा वाचत होती. “दादा... घाटात... गाडी चालवताना... मोबाईलवर... बोलतात.”

 दवाखान्यात जाताना-येताना पोरगी शेजारी बसून सगळं बघत होती, आणि कित्येक वर्षं सांगायला तोंड नव्हतं.

“व्हय का वो?” सानिकाची आई म्हणाली. “घाटात?”

“तसं न्हाई... एकदा... ते भाड्याच्या पार्टीचा फोन...”

ट्रिंग. ‘खोटं.’ त्याला तर खणच होता.

“हिला कशाला वाचा दिली बाई तुमी!” त्यांनी कपाळावर हात मारला.

“आता तुमी ठरवा,” बाई अगदी साळसूदपणे म्हणाल्या. “शाळंत घालता, का दिवसभर घरात ठिवता? घरात ऱ्हायली तर आनखी काय काय सांगंल, मला काय ठावं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सानिकाचा दाखला हायस्कुलात गेला. पण त्या दिवशी आम्ही निघताना मी मागं वळून बघितलं. तिचे वडील टेम्पोतला पाना घेऊन फळीपुढं उकिडवे बसले होते. “घंटी जरा ढिली हाय,” असं स्वतःशीच म्हणत नट आवळत होते. आवळून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं ती घंटी पुसली, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून परत पुसली. बाईंनीही ते बघितलं. टिंगल करायची सोन्यासारखी संधी होती, त्यांनी सोडून दिली.

जुलैत बाईंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, पुण्याला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तर बाई कॉटशेजारी स्टुलावर, आणि त्यांच्या कॉटवर एक तरुण नर्स आडवी. बोलावण्याचं बटण भिंतीवर असं होतं की झोपलेल्या माणसाचा हात पोचू नये. “आता दाब,” बाई म्हणत होत्या. “पोचतंय का? न्हाई ना? मग मी कशी दाबू?” नर्स हसत होती, बाईही हसत होत्या, पण त्यांचा चेहरा निम्मा झाला होता. मला बघून म्हणाल्या, “मास्तर, नवमीला मला काय सोडत न्हाईत हे. तू वाडीवर जा. फळीला फूल हाय का बघ आन् मला येऊन सांग. खोटं सांगू नको, तुझं तोंड लगेच कळतं.”

मी म्हटलं, सांगतो.

घट बसायच्या आधीच बाई गेल्या. उत्रोलीच्या स्मशानात मी कोपऱ्यात उभा होतो. रॅम्पवाले मुख्याध्यापक आले होते, साहेब आले होते, आणि मला वेड्यासारखं वाटत होतं की आता कुठूनतरी ‘आधी तुमी बसा’ ऐकू येईल. चार दिवसांनी त्यांच्या यजमानांनी बाईंची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. “ही तिची न्हवं, कामाची हाय,” म्हणाले. आत पेचकस, रबरं, जुन्या बॅटऱ्या आणि ती शिंप्याची टेप. मला ती गळ्यात घालवेना. पिशवीतच ठेवून वापरायला लागलो.

खंडेनवमीला मी एकटाच वाडीवर गेलो. ज्यांना येऊन सांगायचं त्या नव्हत्या, तरी रस्ताभर एकच घोर. फळी माळ्यावर गेली असेल तर? खाली नवी पोरं, नवी शाळा, घंटीला कुणी बघत नसेल तर? अंगणात टेम्पोला हार होता. मी बूट काढले आणि तोंडातून आपोआप निघालं, “पूजा कुठं मांडलीये?”

पाटावर कोयता, खुरपी, पाना-पक्कड, शिलाई मशीन, मिक्सर. मी वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. फळी नव्हती.

मी मिक्सरच्या मागंसुद्धा वाकून बघितलं. बाईंना हे सांगावं लागणार नाही याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

ट्रिंग.

“देतच न्हाई बया!” सानिकाची आई वैतागून बाहेर आली. “सकाळधरनं मागतीये, धुते, हळद लावते, फूल वाहते. दोन मिन्टं दे म्हनलं तर न्हाई. शाळंतनं आली तरी मांडीवरच, जेवतानाबी मांडीवरच. त्या पोरी येत्यात खालच्या, तर निसतं ट्रिंग ट्रिंग. डोकं उठवलंय.”

मी आत गेलो. सानिका खुर्चीत, फळी छातीशी धरलेली. शब्द मुठीनं घासून पुसट झाले होते. ‘गप बसा’चा खण तर पार पांढरा पडला होता.

“का गं, पूजेला का देत नाहीस?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मास्तर, एवढंही कळत नाही? मूठ खणाखणातून फिरली. मी वाचत गेलो. ‘तुम्ही जिभेला हळद लावता का?’

मला इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं, आणि हसता हसताच रडू आलं. बाईंची सगळी परीक्षा त्या पोरीनं मोडीत काढली होती. बाईंना हे सांगायचं होतं हो. दुसरं कुणी नको होतं मला त्या वेळी. त्या ऐकतील, मांडीवर थाप मारतील आणि ‘नापास मीच!’ म्हणतील, ते मला बघायचं होतं.

सानिकानं थोडं थांबू दिलं. मग ट्रिंग. ‘बाईंची टेप.’

“आहे. पिशवीत.” मी काढून दाखवली.

‘वापरता?’

“वापरतो. आत्ता येतानाच खालच्या शाळेत एका मुलाचं बाक मोजून आलो.”

तिनं आईकडं बघितलं, डोळ्यांनीच पाटाकडं खूण केली. आईला समजलं. तिनं माझ्या हातातून टेप घेतली, ओल्या फडक्यानं पुसली, कोयता आणि शिलाई मशीनच्या मधे जागा केली, तिथं गुंडाळी करून ठेवली. हळद-कुंकू लावलं. फूल वाहायच्या आधी ते सानिकाच्या मुठीला टेकवून घेतलं.

निघताना तिच्या वडिलांनी टेप परत आणून दिली. “नीट गळ्यात घाला मास्तर, पिशवीत हुडकत बसता,” म्हणाले. मी घातली.

हळद मात्र निघाली नाही. टेपवरचे दोन-तीन आकडे तिच्याखाली गेलेत. माप तिथं आलं की मी अंदाजानं धरतो, आणि दर वेळी कानाशी ऐकू येतं, “अंदाज न्हाई मास्तर. परत मोज.” मी परत मोजतो.